नऊ मिनिटांचा आकडा

पद: उत्पादन नियोजन सहायक, श्रेणी दोन. वय: एकोणतीस. ओळखीची खूण: उजव्या कानामागे पेन्सिल, ती कधी वापरल्याची नोंद नाही. कर्तव्य: कारखान्यात आलेले प्रत्येक काम यंत्रावर चढवण्यापूर्वी संगणकावर चालवून पाहणे व निष्पन्न होणारी तारीख वरिष्ठांस सादर करणे. निर्णयाचे अधिकार: निरंक.

हे झालं फाइलीतलं. कारखान्यात तिला ट्रायलबाई म्हणतात.

तिच्याकडे काम आधी पडद्यावर होतं. पोलाद अजून गोदामात पडलेलं असतं, पण पडद्यावर ते लेथवर चढतं, तपासणीच्या टेबलापुढे रांगेत उभं राहतं आणि शेवटी खोक्यात जाऊन बसतं. प्रत्येक यंत्रापुढे एक रंगीत पट्टी. दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या की तिथे लाल दिसतं. मग ट्रायलबाई ते काम पुसते, दुसऱ्या वाटेने पाठवते, पुन्हा पुसते. काही कामं अशी तेरा वेळा पूर्ण झालेली आहेत आणि एकदाही सुरू झालेली नाहीत. सगळं जुळलं की कोपऱ्यात ‘नक्की करा’ असं बटण आहे. ते दाबल्यावर खाली पोलाद कापलं जातं, आणि कापलेलं पोलाद पुन्हा लांब करण्याची सोय अजून कुठल्या प्रणालीत आलेली नाही.

भाजीला जायचं तरी ही आधी ट्रायल घेते, असं तिची आई सांगते. सांगते तक्रारीच्या सुरात, पण सगळ्या शेजारणींना सांगते.

वडील त्याच कारखान्यात टर्नर. चार नंबरचा लेथ. निवृत्तीला चार महिने उरलेले.

अशात एका नव्या पंपवाल्या कंपनीची ऑर्डर आली. दोनशे चाळीस शाफ्ट, मुदत कामाचे आठ दिवस. ही वेळेत गेली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. शाफ्ट चार नंबरवरच होण्यासारखे होते, आणि साहेबांना गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मंगळवारी ट्रायलबाईने काम पडद्यावर चालवलं. लेथवर नगाला नऊ मिनिटं, म्हणजे साडेचार दिवस. तपासणीला नगामागे सहा मिनिटं, म्हणजे तीन दिवस. एकूण साडेसात.

“बसलं की,” साहेब म्हणाले. “दाबा बटण.”

ट्रायलबाईने दाबलं नाही. “हे नऊ खोटं आहे साहेब. चौदा लागतात.”

“कोण म्हणतं?”

“मी मोजलेत. ऑफिसच्या काचेतून, असल्याच शाफ्टचे चाळीस नग.”

मोजायचं कारण साधं होतं. चार नंबरवर पाठोपाठ लागणारं प्रत्येक काम वर्षानुवर्षं उशिरा सुरू व्हायचं, आणि बोलणी खायच्या पॅकिंगच्या बायका, कारण उशीर शेवटी त्यांच्या टेबलावर दिसायचा.

“चार नंबरवर कोण असतं?” साहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

“माझे बाबा.”

तिने नऊ खोडून चौदा घातले. पट्टी सरकत सरकत सात दिवसांवर गेली, तपासणीचे तीन, एकूण दहा. मुदतीपलीकडे गेलेला शेवट लाल.

“दहा म्हणजे ऑर्डर गेली,” साहेब म्हणाले. “नऊ राहू द्या ना. आजवर चाललंच की.”

“कसं चाललं ते पॅकिंगमध्ये विचारा.”

साहेबांची केबिन काचेची असल्यामुळे ही बातमी चार नंबरपर्यंत चालत गेली नाही, धावत गेली. संध्याकाळी जेवायला बसल्यावर बाबा आईला म्हणाले, “ऐकलंस का? आपल्या मुलीने मला आज म्हातारा जाहीर केलं. कॉम्प्युटरमध्ये.”

“कॉम्प्युटरला आत्ता कळलं होय?” आई म्हणाली.

कोणी हसलं नाही. जाता जाता बापाच्या नावापुढे ‘याचा हात चालेनासा झाला’ असा शेरा पडणार, तोही मुलीच्या हातून, हे तिघांच्याही ताटात वाढलेलं होतं.

“मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, बाबा.”

“विचारलं असतंस तर मी नऊच सांगितलं असतं.”

“का पण? बाकीच्या सगळ्या लेथना तेरा-चौदा आहेत. तुमच्याच एकट्याला नऊ.”

बाबा पाणी प्यायले. “तो घड्याळवाला नगाला किती वेळ लागतो ते मोजायला आला होता ना, तेव्हाचं आहे ते. बाकीचे हात राखून चालवत होते. शहाणे होते. मला घाई होती.”

“कसली?”

“पहाटे तू झाली होतीस. दवाखान्यात यायचं होतं.” ते ताटाकडे बघूनच बोलत होते. “तीन नग मोजले त्याने. तिन्ही नऊ-नऊ मिनिटांत काढले आणि सुटलो.”

“पुढचं सांगा की,” आई म्हणाली. “तिन्ही परत आले.”

“तू थांब जरा.”

“का थांबू? तेव्हापासून हे प्रत्येक नग दोनदा मोजतात. पाच मिनिटं त्यातच जातात. म्हातारपण कुठलं आलंय त्यात? तिशीतही चौदाच लागायची यांना.”

म्हणजे एकोणतीस वर्षं कारखान्याचं नियोजन तीन नापास नगांवर उभं होतं. आकडा कागदावरून वहीत गेला, वहीतून संगणकात आला, आणि संगणकात आल्यावर तो खराच झाला.

ट्रायलबाईचा घास हातातच राहिला होता. “तुम्ही दोनदा मोजता, तर मग शिक्केकाका काय मोजतात?”

“ते त्यालाच विचार,” बाबा म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

शिक्केकाका म्हणजे तपासनीस. प्रत्येक नग मोजून ‘पास’चा शिक्का मारणं हे त्यांचं काम. बुधवारी सकाळी ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“तुझ्या बापाचे नग?” काका म्हणाले. “ते मोजायचं सोडून वीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं मोजले. एक चूक सापडेना. शेवटी कंटाळा आला.”

“माझ्याकडे तुमची नगाला सहा मिनिटं लागलीत, काका.”

“लागू देत की. त्या वेळात मी बाकीच्यांचे मोजतो. त्यांचे मोजावेच लागतात.”

“हे लिहून द्याल?”

“खुळी आहेस का?”

“मागचं नको. इथून पुढचं द्या. चार नंबरचे नग टर्नर स्वतः मोजणार, तुम्ही दहातला एक.”

काका तयार झाले, पण ट्रायलबाईची नव्हती तयारी. वडिलांच्या नावाखाली तिला काहीही तसंच पुढे ढकलायचं नव्हतं. तिने गोदामातून चार नंबरच्या जुन्या मालातले चोवीस नग मागवले आणि काकांना समोर बसवून एकेक मोजायला लावला. दुपार गेली. खाली बाबा लेथ चालवत होते आणि वर अजिबात बघत नव्हते, हे सगळ्या शेडने बघितलं. चोवीसच्या चोवीस बरोबर निघाले. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “माझा कंटाळा बरोबर होता.”

गुरुवारी नवी ट्रायल झाली. लेथला चौदा, म्हणजे सात दिवस. तपासणी चोवीस नगांची, अडीच तास. चार नंबरवर त्यामागे रांगेत असलेलं काम तिने दोन नंबरच्या लेथवर वळवलं. लाल कुठेच नाही.

“साडेसातच्या आत,” साहेब म्हणाले. “म्हणजे मंगळवारी होतं तिथेच आलो. मग एवढा गोंधळ कशाला घातलात?”

“मंगळवारचे साडेसात खोटे होते, साहेब.”

साहेबांनी जरा विचार केला आणि काकांच्या कागदावर सही केली.

जेवणाच्या सुट्टीत बाबा वर आले. या कारखान्यात इतकी वर्षं काढून ऑफिसचा जिना ते दुसऱ्यांदा चढत होते. हात पुसत पडद्यापुढे उभे राहिले.

“यातली माझी कुठली?”

तिने बोट ठेवलं.

“लांब आहे.”

“सगळ्यात लांब आहे, बाबा.”

त्यांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, शेवटचा नग बघताना बघतात तशी. “असू दे,” म्हणाले. आणि जाताना तिच्या कानामागची पेन्सिल काढून, टोक तपासून, परत जागेवर ठेवून गेले.

तिने बटण दाबलं.

फाइलीत अजूनही ती श्रेणी दोन आहे आणि निर्णयाचे अधिकार निरंक आहेत. आठव्या दिवशी दुपारी दोनशे चाळीस शाफ्ट गेले. एकही परत आला नाही.