घर बघायला गेलो आणि गायला लावलं

स्थळ अकोल्याचं होतं. मुलाकडचे एकदा अमरावतीला येऊन मला पाहून गेले होते, आता त्यांचं घर बघायला आम्ही निघालो होतो. मी तेव्हा राजापेठेतल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. तिशी जवळ आली होती आणि घरात लग्नाशिवाय दुसरा विषय उरला नव्हता. मुलगा मला वाईट वाटला नव्हता, पण चांगला वाटला असंही नाही. पहिल्या भेटीत तो जेमतेम बोलला होता. बडनेरा मागे पडेपर्यंत मी गाडीची काच खाली-वर करत राहिले. शेवटी बाबा वैतागले. एकतर उघडी ठेव नाहीतर बंद, म्हणाले.

अकोल्यात त्यांच्या हॉलमध्ये कूलर जोरात चालू होता. मोठ्या टीव्हीला मुलाच्या धाकट्या बहिणीने गेमचा डबा जोडून ठेवला होता, गाण्याचा गेम. पडद्यावर गाण्याचे शब्द सरकतात आणि त्यांच्यावर खाली-वर होणाऱ्या रेघा असतात. आवाज सुरात लागला की रेघ रंगाने भरते, नाही लागला तर रिकामी राहते. शेवटी मार्क मिळतात. चहा झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले की मध्यस्थाने सांगितलंय, पोरीले गाता येते. "म्हन ना बेटा एखादं. घरचेच तं हावो आपन."

मध्यस्थाला हे सांगितलं होतं आईने. मी शाळेत प्रार्थनेला पुढे उभी राहायची, त्यानंतर गाणं सुटलंच. मी आईकडे पाहिलं. ती पदराची घडी नीट करत होती. तिच्या वेळी बघायला आलेल्यांनी तिला गायला लावलं होतं, चालायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता. ही हकीकत ती आम्हाला नेहमी हसत सांगायची.

एकटी म्हणणार नाही, असं मी सांगितलं. मग दुसरा माइक मुलाने घेतला. वरची ओळ त्याची, खालची माझी. तो फार छान गायला. त्याच्या रेघा भरत गेल्या, माझ्या रिकाम्याच राहिल्या. शब्द सोडून मी रेघांकडेच बघत बसले, त्यात गाणंही हुकलं. माझे मार्क पडद्यावर आले तेव्हा त्याचे वडील हसले आणि मशीनच खराब असेल म्हणाले. त्याच्या आईने चिवड्याची प्लेट पुढे केली. हे सगळं मी तिथेच विसरले असते.

पण मुलाने माइक खाली ठेवला नाही. बहीण म्हणाली की दादा आपलाच रेकॉर्ड मोडायच्या बेतात आहे. त्याने दुसरं गाणं लावलं, मग आणखी एक. नजर पडद्यावर, पाठ आमच्याकडे. आम्ही तिघं सोफ्यावर हातात प्लेटा घेऊन बसलो होतो. माझे पाय थाऱ्यावर राहीनात. वरच्या खोल्या दाखवायच्या होत्या, बाबांना नुकताच आणखी चहा दिला होता, तरी मी उठले आणि आम्ही निघतो म्हटलं.

परतताना मूर्तिजापूर आलं. मग बाबांनी विचारलं की मध्यस्थाला काय तोंड दाखवू. मी म्हटलं, माझा नकार आहे. गेममध्ये हरली म्हणून नकार देते काय, असं ते म्हणाले. मागच्या सीटवरून आई बोलली.

"मलेबी तवा उठून जावंसं वाटलं होतं. पन उठता येते हे मले मालूमच नवतं."

अमरावतीला पोचल्यावर बाबांनी मध्यस्थाला नकार कळवला.

काही दिवसांनी मुलाचा फोन आला. तेव्हा मी क्लासच्या जिन्यात होते, एक बॅच सुटली होती. गाण्यामुळे नाही म्हटलं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "गाण्यामुळे नाही. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाही."

मी दोन पायऱ्या उतरले, परत चढले.

"मले भेव वाटून राह्यलं होतं," तो म्हणाला. "माइक ठेवला असता तं तुमच्याशी बोला लागलं असतं. काय बोलू ते सुचत नवतं, म्हनून गात राह्यलो."

मला ते खरं वाटलं. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. तरी नकार फिरवावा असं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते आजही नीट सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं की तुम्ही चांगलं गाता. तो थँक्यू म्हणाला. मग फोन आधी कोणी ठेवायचा ते न कळून आम्ही दोघं तसेच थांबलो. शेवटी पुढच्या बॅचची पोरं जिना चढू लागली आणि मला बाजूला व्हावं लागलं.

त्याचं लग्न त्याच वर्षी झालं. माझं अजून झालेलं नाही. स्थळं येतात, पण आता बाबा हो म्हणण्याआधी मला विचारतात, आणि मी विचार करून सांगते म्हणत गच्चीवर फेऱ्या मारत राहते.