साहेबांना मुद्दाम अमावस्येला बोलावलं

पनवेलकरांनो, आज आमच्या गावाने बाजी मारली.

नव्या विकास आराखड्यात आमच्या खाडीलगतच्या खाजणावर, म्हणजे खाऱ्या सखल जमिनीवर, इमारती दाखवल्या होत्या. गावाने हरकत घेतली, तेव्हा आराखडा करणारे नगररचना खात्याचे साहेब पाहणीला यायला तयार झाले. दिवस आम्ही सुचवला, अमावस्येची दुपार. मंडपही खाजणातच घातला.

साहेब नकाशा उलगडून समजावत होते, तेवढ्यात अमावस्येच्या मोठ्या भरतीचं पाणी खुर्च्यांखाली शिरलं. पाय वर घेत त्यांनी विचारलं, "हे रोज येतं?"

माझ्या सासूबाई म्हणाल्या, "रोज नाय साहेब. पन येतं तवा कुनाला इचारीत नाय. तुमी चाय घ्या."

साहेब हसले आणि इमारती वरच्या माळावर न्यायला तिथेच तयार झाले. आमचं स्वतःचं शेत खाजणातच आहे, ते आता कुठलाही बिल्डर घेणार नाही. तरी सासूबाई दुपारपासून खुशीत आहेत.

तुमच्या सोसायटीखाली आधी काय होतं, कधी विचारलंत?