धावपट्टीचं डांबर

गोंदियाकडची जुनी धावपट्टी उखडली, तेव्हा तिचं डांबर कुणालाच नको होतं. मला हवं होतं. मोहाडीतली आमची गल्ली विणकरांची. घरं आखूड, त्यामुळे सुताचा लांबलचक ताणा गल्लीतच पसरून त्याला पेजेची खळ लावायची. पावसाळ्यात उघडीप मिळाली तरी खाली चिखल, आणि ताण्याविना माग रिकामे. पक्का रस्ता मागितला की सरपंच म्हणत, बघू. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं बघणंच चाललं होतं.

दीर ट्रकवर होता. रिकाम्या फेरीत त्याने डांबराच्या ढेपा आणून टाकल्या. आम्ही बायकांनी त्या फोडल्या, पत्र्यावर तापवल्या, ट्रकचं जळकं ऑइल घालून मऊ केल्या आणि धुमसाने ठोकून पसरल्या. हात भाजले. गावनात्याने माझे सासरे लागणारे सरपंच बघायला आले.

“काहून वो सुनबाई, विमानाचा कचरा गावात कायले आणून राहिली?”

“तुमच्या चिखलापरीस बरा हाय, मामाजी.”

तो पावसाळा माग चालू राहिले. चुकलो आम्ही उन्हाळ्यात. ताण्याच्या खुंट्या जमिनीत ठोकायची पिढ्यांची सवय, तशाच डांबरात ठोकल्या. सकाळी घट्ट होत्या. ऊन चढलं, डांबर ढिलं पडलं, खुंट्या कलल्या आणि पांढराशुभ्र ताणा खाली जाऊन चिकटला. सोडवला तर जागोजागी काळे डाग.

सरपंच तर म्हणालेच, पण माझ्यासोबत हात भाजून घेतलेल्या बायकाही म्हणायला लागल्या, उखडून टाका. मला असा संताप आला! पहार घेतली. जिथे खुंटी हवी तिथलंच वीतभर डांबर काढलं आणि खालच्या मातीत खुंटी ठोकली. हलवून बघा म्हटलं.

“अन् ह्या नासलेल्या ताण्याचं काय करशीन?” सासूबाईंनी विचारलं.

“विणीन. अन् नेसीन.”

नवरा नको नको म्हणत होता. मी विणलं. ते काळ्या ठिपक्यांचं लुगडं नेसून भर बाजारात गेले. सरपंच चहाच्या टपरीवर बसले होते, चार माणसं सोबत. त्यांना हसू आवरेना.

“डाग कायचे वो, सुनबाई?”

“आमच्या रस्त्याचे, मामाजी. तुमच्या धोतरावर हाय का एखादा?”