वजन नंतर

थांबा, घरी पोचेपर्यंत दम नाय निघणार, हे आत्ताच सांगायचंय. रोह्याहून पेणला निघालेय, गाडीत बसून टाइप करतेय, चुका पोटात घाला.

मी रोह्यात एका छोट्या हॉस्पिटलात नर्स आहे, लेबर रूमला. आमच्याकडे बाळ रडलं रे रडलं की दाराबाहेरून पहिला प्रश्न, "वजन किती?" म्हणून आमच्या मावशी बाळ उचलायच्या, पुसायच्या आणि थेट काट्यावर. आई बिचारी मान वळवून बघत राहायची.

खरं तर पॉलिसी वेगळीच होती. बाळ आणि आई ठीक असतील तर पहिला तास बाळ आईच्या उघड्या अंगावर, वजन नंतर. पण ती इंग्रजीत, ऑफिसच्या कपाटात! आम्हाला पत्ताच नाय. नवीन इनचार्ज सिस्टरनी ती मराठीत केली आणि शिफ्ट बदलताना बाहुली घेऊन प्रत्येकीकडून करून घेतली. नुसतं कसं करायचं ते नाय, का करायचं तेपण सांगायच्या.

"बाळाचं अंग पुसा, त्याचे हात पुसू नका," सिस्टर म्हणाल्या. "पोटातल्या पाण्याचा वास त्या हातांना असतो. तसाच वास आईच्या छातीला. त्या वासावर बाळ छातीपर्यंत वाट काढतं. हे तपासून बघितलेलं आहे."

"मंजे मोबाईलचा मॅपच हाय की त्याच्याकडं!" मावशी म्हणाल्या. सगळ्या हसून फुटलो. मलापण मनातून पटलं नव्हतंच.

आणि आज दुपारी निडीची एक ताई आली. दुसरी खेप. पहिली मुलगी अंगावर प्यालीच नव्हती, बाटलीवर वाढली. ताईच्या डोक्यात तेच. कळा येतायत आणि ही माझा हात धरून विचारते, "सिस्टर, हे तरी पियेल ना गो?"

मुलगा झाला. रडला. सवयीनं मावशींचे हात पुढे आले, आणि अर्ध्यात थांबले. त्यांनी ते चक्क पाठीमागे बांधून घेतले! मी बाळाचं अंग पुसलं, हात तसेच ठेवले, त्याला ताईच्या पोटावर ठेवून वरून कापड घातलं.

बाहेरून सासूबाई, "वजन सांगा गो! बाप धाटावच्या कारखान्यातना फोन करतोय!"

"काटा कुठं पळत नाय," मावशी दारातून ओरडल्या. "थांबा जरा!"

आधी काहीच नाय. नुसता पडून. ताईचा चेहरा पडायला लागला. मग त्यानं मूठ तोंडात घातली, चोखली. पाय रेटला. सरकला! थांबला, परत मूठ, परत रेटा. डोळे धड उघडत नाहीत, मान सावरत नाय, आणि हा वर निघालाय! कोणी हात लावला नाय, आईशप्पथ. छातीशी पोचला, दोनदा डोकं आपटलं, आ केला आणि धरलं.

खोलीत फक्त चुटूचुटू आवाज. ताई हलेना. हललं तर सुटेल म्हणून श्वास धरून होती. मग हळूच म्हणाली, "पितोय गो."

मावशींनी दार किलकिलं करून तेवढंच बाहेर सांगितलं. त्यावर वजन कोणी विचारलंच नाय.

अजून अंगावर काटा आहे. गाडी आत्ता निडीला थांबलीये आणि मी येड्यासारखी खिडकीतून घरं बघतेय. तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का असं बाळ सरकताना? की तुमचंपण आधी काट्यावरच गेलं?