विंग नसलेलं नाटक

इंग्लंडात, वेल्सच्या सीमेजवळच्या श्रूजबरीत आमच्या मराठी नाटकाला गावाचं अनुदान मिळालं, यावर आमचाच विश्वास बसेना. अनुदान समितीतल्या एका बाईंची आजी वेल्श बोलायची. "माझ्यापर्यंत ती भाषा आलीच नाही," असं त्या मला म्हणाल्या होत्या. अट एकच होती, प्रयोग सगळ्या गावासाठी खुला हवा.

मी प्रॉम्प्टर. अर्जातल्या कलाकारांच्या यादीत मी माझं नाव घातलंच नव्हतं. प्रॉम्प्टर प्रेक्षकांना ऐकू आला की नाटक फसलं, अशी आमची शिकवण. त्यात मुख्य भूमिकेतले काका, निवृत्त डॉक्टर, हल्ली वाक्यं विसरू लागले होते. "काकूला कळता कामा नये," असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणून मी विंगेतून इतक्या हळू सांगायची, की त्यांना ते आपलंच आपल्याला आठवलं असं वाटावं.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही नटराजापुढे नारळ वाढवला आणि सवयीनं उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. फायर अलार्म वाजला, सगळे बाहेर. आग नाही हे कळूनही हॉल त्या दिवसापुरता बंद. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. पुडा मीच आणला होता. समितीतल्या बाई मात्र शांतपणे हिरवळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "इथंच करा ना."

मेपलखाली नाटक सुरू झालं. उन्हं कलली होती. पानांच्या सावल्या शालूवर, दाढीमिशांवर हलत होत्या, आणि मराठी शब्द गवतावरून तरंगत रस्त्यापर्यंत जात होते. अग्निशमन दलाचे दोघं हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत बसले. ती संध्याकाळ मी पाहिली की मला स्वप्नात दिसली, हे आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या अंकात काका थांबले. मी झाडाआडून वाक्य सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांना ऐकूच जाईना. मग ते सरळ माझ्याकडे वळले.

"पुढे ये गं. मोठ्यानं सांग."

मी संहिता घेऊन सगळ्यांसमोर उभी राहिले. शेवटपर्यंत आधी मी म्हणायची, मागून ते. मला रडू येत होतं. पहिल्या रांगेतल्या काकूंकडे बघायची माझी छाती होईना.

खुर्च्या आवरताना त्या जवळ आल्या.

"सॉरी काकू. त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं."

काकूंनी माझ्या हातातली संहिता घेऊन मिटली. "अगं, घरी वर्षभर मीच प्रॉम्प्टिंग करतेय. तुला कळू नये म्हणून मलाही शपथ घातली होती."