बिल्ला खरा, कुत्रा खोटा

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे पडले, दंगलीही झाल्या. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी आता प्रयत्नाने आठवाव्या लागतात. कुत्रा चावल्याची एक केस मात्र आपोआप आठवते, आणि आठवली की अजून शरम वाटते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला नवे बंगले उठत होते आणि मी त्या हद्दीत फौजदार होतो. पेठ तालुक्यातली तिशीची एक बाई पावसाळ्यात डोक्यावर पाटी घेऊन रानभाज्या विकायला त्या वसाहतीत यायची. एका सकाळी एका बागायतदाराच्या बंगल्यातला कुत्रा तिच्या पोटरीला कडकडून चावला. शेजाऱ्यांनी तिला आधी सरकारी दवाखान्यात नेले, मग ठाण्यात आणले. जनावर बाळगण्यात हयगय केली म्हणून कलम २८९ खाली मी गुन्हा नोंदवला.

दुसऱ्या दिवशी बाईला आणि दोन पंचांना घेऊन बंगल्यावर गेलो. मालक वजनदार माणूस, पण वागायला नम्र. चहा पुढे आला. तपकिरी रंगाचा धिप्पाड कुत्रा साखळीला होता. गळ्यात परवान्याचा पितळी बिल्ला. नंबर परवान्याशी जुळला. लस टोचल्याचा दाखला पाहिला, त्यावर लिहिले होते, ‘नर, तपकिरी’. कुत्रा नर होता आणि तपकिरी होता.

बाई फाटकापाशीच थांबली होती. ती म्हणाली, “साहेब, हा तो कुत्रा नाय. तो मला वळखायचा. मी त्याला रोज भाकर टाकायची.”

मी म्हणालो, “बाई, घाबरलेल्या माणसाला सगळी कुत्री वेगळी दिसतात. बिल्ला बघा की.”

तिला वाचता येत नव्हते. मी तिचे म्हणणे पंचनाम्यात घेतले नाही. ‘सदर कुत्रा निरोगी असून लस टोचलेला आहे’ असे लिहून सही ठोकली आणि तिचा अंगठा घेतला.

त्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. कुत्रा लस टोचलेला आणि धडधाकट असल्याची खात्री पटली तर उरलेली थांबवायची, अशी पद्धत होती. माझा कागद पाहून बाईची इंजेक्शने पाचवर थांबली. गावाकडे भाताची लावणी सुरू झाली होती, ती निघून गेली.

आठवड्याभराने आमचे युनिफॉर्म घेऊन इस्त्रीवाला ठाण्यात आला. मूळचा सिन्नरकडचा. त्याची गाडी त्याच बंगल्यासमोर लागायची. कपडे ठेवून तो घुटमळला.

“साहेब, एक बोलू का? रागवायचं नाय.”

“बोल.”

“त्या बंगल्यातला कुत्रा, मोती, लहान होता तेव्हापासून त्या गेटासमोर गाडी लावतो मी. दुपारचा माझ्या गाडीखाली येऊन झोपायचा तो. आता मीच कपडे द्यायला गेलो तर अंगावर येतंय. कुत्रं माणूस विसरत नाय, साहेब.”

हेच त्या बाईने सांगितले होते, आणि मी तिला बिल्ला दाखवला होता.

तसाच बंगल्यावर गेलो. या वेळी चहा घेतला नाही. कुत्र्याचा पट्टा नीट पाहिला. चामड्याच्या त्या पट्ट्याचे चौथे भोक वापरून वापरून लांबट झाले होते. बक्कल मात्र दुसऱ्या भोकात होते. मालकांना म्हणालो, “जरा मोतीला हाक मारा.” त्यांनी मारली. कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही.

त्यांना ठाण्यात बोलावून समोर बसवले. आवाज चढवायची गरज पडली नाही. अब्रूदार माणसाला काही न विचारता बसवून ठेवले की त्याचे त्यालाच बसवत नाही, हा माझा अनुभव. पाऊण तासाने ते बोलू लागले. मोतीची त्या वर्षीची लस राहून गेली होती. चावल्याच्या दिवशीच त्याचे लक्षण ठीक दिसेना. तक्रार झाली तेव्हा त्यांनी त्याला दिंडोरीकडच्या मळ्यात हलवले, मळ्यातला टोचलेला कुत्रा आणून त्याच्या गळ्यात मोतीचा पट्टा बांधला. मोती चौथ्या दिवशी मेला. मळ्यातच पुरला.

“बाईचा विचार नाही आला?” मी विचारले.

“सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं चालू होती ना, साहेब. मला वाटलं, तिचं होऊन जाईल.”

इंजेक्शने माझ्या सहीने थांबली होती. हे त्यांना ठाऊक नव्हते, मला होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऐकले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “रोज भाकरी टाकणारीला कुत्रा विनाकारण चावला, हे मला कुणी सांगितलंच नाही. ओळखीच्याला उगाच चावणं हे पिसाळल्याचं लक्षण असू शकतं. आजच आणा तिला. लक्षणं दिसली की मग औषध नाही.”

जीप घेऊन पेठकडे निघालो. पाड्यावर पोचलो तेव्हा ती खाचरात लावणी करत होती. तिचा सासरा पुढे आला. “त्या दिशी तुम्हीच सांगितलं, कुत्रा चांगला हाय. आज दुसरंच सांगता. आम्ही कंचं खरं मानायचं?”

बांधावर सगळा पाडा जमला होता, सोबत माझे दोन शिपाई होते. वर्दीतल्या माणसाला अशा वेळी पन्नास सबबी सुचतात, मलाही सुचल्या. पण सबब सांगितली असती तर ती जीपमध्ये बसली नसती.

“आजचं खरं,” मी म्हणालो. “बाई खरं बोलल्या होत्या. मी त्यांचं ऐकलं नाही. माझं चुकलं.”

बाईने हातातली रोपांची जुडी नवऱ्याकडे दिली. “मी सांगितलं व्हतं ना,” एवढेच म्हणाली आणि चिखलाच्या पायांनी जीपमध्ये चढली.

डॉक्टरांनी इंजेक्शने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मोतीला उकरून नमुना पाठवला, पण तो इतका सडला होता की तपासता आला नाही. मालकांना कोर्टात दंड झाला. मी वरिष्ठांमार्फत टिपण पाठवले : कुत्र्याच्या परवान्यावर फोटो आणि अंगावरची खूण हवी, कुत्रा मेला तर मालकाने कळवलेच पाहिजे, ज्याला चावला त्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय कुत्रा निरोगी म्हणू नये. नियम बदलायला दोन-तीन वर्षे गेली. कुत्रे पाळणारे कुरकुरले, “आमची कुत्री काय गुन्हेगार आहेत, खुणा लिहून घ्यायला?” मी म्हणायचो, खुणा कुत्र्याच्या असल्या तरी नोंद मालकाची आहे.

नियम नीट असावा, यात शंका नाही. पण त्या दिवशी माझ्यापुढे नियमापेक्षा मोठा पुरावा उभा होता. तो अंगठेबहाद्दर होता, म्हणून मी तो मोजला नाही.

मोती पिसाळलेला होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. बाई जगली, पुढची कितीतरी वर्षे भाजी घेऊन येत राहिली. ती मेली असती, तर मी लिहिलेला पंचनामा दप्तरात तसाच राहिला असता, कुत्रा निरोगी होता असे सांगत, आणि त्याखाली तिचाच अंगठा असता.