लाल ठिपक्याचा कप

सुनंदा गेली हे मला आमच्या घराजवळच्या स्टॅनमोर स्टेशनच्या कार पार्कमध्ये, तिच्या इल्फर्डच्या घरमालकिणीच्या फोनवरून कळलं. ऑफिसमध्येच कोसळली, मेंदूत रक्तस्राव झाला, सगळं तासाभरात संपलं. आज पाच आठवडे झाले. तिच्या हसण्याबद्दल, तिच्या झणझणीत वांग्याच्या भाजीबद्दल सगळ्यांचं बोलून झालं... मला मात्र ते बेट सोडत नाही.

नागपूरची सुनंदा आणि पुण्याची मी एकाच महिन्यात वर्क व्हिसावर लंडनला आलो, एकाच टीममध्ये. ती बौद्ध, मी ब्राह्मण. हे आमच्यात कधी आलंच नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. मग सासूबाई सहा महिने राहायला आल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सुनंदाला आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या निळ्या कपांपैकी एकाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसला. तिच्यासाठी तो कप. मला कळलं, पण मी चकार शब्द काढला नाही. वर त्याच कपात चहा गाळून मीच तिच्या हातात देत राहिले. बुडाकडे कोण बघतं, अशी मनाची समजूत घालत.

ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार बंद झाल्याला दोनशे वर्षं झाली त्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, तिने मला लँकेस्टरजवळच्या एका खेड्यात नेलं. भरतीला रस्ता पाण्याखाली जातो आणि गावाचं बेट होतं. गुलामांनी पिकवलेली साखर, कापूस घेऊन एके काळी तिथे जहाजं लागत. भरतीची वेळ बघायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी वेंधळी, भलत्याच दिवसाचा तक्ता छापून आणला. आम्ही पलीकडे पोचलो आणि मागे पाणी चढलं.

गावापासून लांब, शेताच्या कडेला, एका काळ्या गुलामाचं थडगं आहे. मालकाबरोबर आला आणि इथेच मेला. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही. सुनंदाने बूट काढले आणि ओल्या गवतात उभं राहून हात जोडले.

"गावकुसाबाहेर," ती म्हणाली. "इथे पण."

"अगं, तो काळच तसा होता."

"आणि तुझ्या किचनमधला?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो लाल ठिपका. तुझ्याकडे भांडी मी पण विसळते ना गं..."

पाणी ओसरायला तीन तास होते. 'चुकलं माझं' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी सासूबाईंच्या वयाबद्दल बोलले, भरतीच्या तक्त्याबद्दल बोलले. तिने चटणी सँडविच काढून अर्धं मला दिलं.

त्यानंतरही ती येत राहिली. सासूबाई केव्हाच परतल्या होत्या, पण आल्या आल्या ती कपाटातून नेमका तोच कप काढायची. 'दुसरा घे' म्हणण्याचं धैर्य मला झालं नाही, कारण मग पुढचंही बोलावं लागलं असतं.

मागच्या रविवारी तिचे थोरले भाऊ, संजयदादा, नागपूरला परतण्याआधी भेटायला आले. चहा घेता घेता म्हणाले, "ताई, तिचा कप कोणता? आईला फोनवर सांगायची, स्टॅनमोरला माझा वेगळा कप आहे, कधीही गेलं तरी चहा त्यातच. आईला इतकं बरं वाटायचं! तेवढा नेऊ का आईसाठी?"

मी स्वयंपाकघरात जाऊन कपाट उघडलं. ठिपका पुसून द्यावा, की तसाच देऊन सगळं सांगावं... नुसतीच उभी राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "फुटला हो, दादा." त्यांनी उलट माझीच समजूत घातली, असू द्या म्हणाले.

दादा, हे तुमच्या वाचनात आलं, तर... चुकलं माझं. कप फुटलेला नाही. तिने शेवटचा विसळून ठेवला तसाच कपाटात उपडा आहे, ठिपका वर.